हिरण्यकेशीचा पूर वहीत

आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत आपल्या संकेश्वरला येते. तिच्या पुराचं प्रारूप वहीतही मांडता येतं. समजा, पात्रात 100 घागरी पाणी आहे. दर तासाला 30 घागरी येतात आणि तासाच्या सुरुवातीला असलेल्या पाण्याचा दहावा हिस्सा पुढे वाहून जातो. एका तासाने 120, दोन तासांनी 138. आता पाऊस थांबला, आवक शून्य धरा. तरी तिसऱ्या तासाअखेर 124 घागरी उरतातच! म्हणजे ऊन पडलं तरी पात्र भरलेलंच. खऱ्या प्रारूपात उपनद्या, उतार, मातीची ओल हेही येतं. हिशेब मात्र हाच. ऑगस्ट 2019 चा पूर आठवा. गोठ्यातली गुरं कधी हलवायची, हे आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून ठरवू नये; वर आंबोलीत किती पडला ते विचारावं. आवक 40 धरून तुम्हीही करून बघा.