मार्क कशाचे दिले?

गेल्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टच्या ओरलनंतर एका विद्यार्थ्याचे वडील भेटायला आले. "मॅडम, माझ्या मुलाचा डेमो सुरळीत झाला. त्या मुलीचा अडकला. तरी मार्क तिला जास्त?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तुम्हा सगळ्याच पालकांना द्यावंसं वाटतं.

दोघांचाही विषय तिकीट आरक्षणाचा. मुलाचा डेमो झाल्यावर मी वयाच्या रकान्यात आकड्याऐवजी एक अक्षर टाकलं. प्रोग्रॅम बंद पडला. तो म्हणाला, "मॅडम, असं कोणी टाकणारच नाही." मुलीने मात्र सुरुवातीलाच सांगितलं, "शेवटची सीट दोघांनी एकाच क्षणी बुक केली, तर दोघांनाही मिळते. मला अजून सुटलेलं नाही." रिपोर्टातही तिने ते लिहिलं होतं, काय काय करून पाहिलं, तेसुद्धा.

"असं होणारच नाही" हे वाक्य आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्राला फार महाग पडलंय. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर रेडिएशन देणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट जास्त रेडिएशन दिलं. काही जण त्यात दगावले. त्यातल्या काही वेळा ऑपरेटरने भराभर टाइप करून नोंद दुरुस्त केल्यावर सॉफ्टवेअर गोंधळलं होतं. तक्रारी आल्या, तेव्हा यंत्राकडून जास्त डोस जाणं शक्यच नाही, असं कंपनी सांगत राहिली. त्या उत्तरामुळे यंत्र वापरात राहिलं.

आपली चूक मोकळेपणाने सांगण्याची वृत्ती पेपरात मोजता येत नाही. नीतिमत्तेचं महत्त्व लिहा म्हटलं, की सगळेच पानभर लिहितात. म्हणून मी गिटवरची, म्हणजे कोडमधला कोणता बदल कधी केला याची, नोंद बघते: काम महिनाभर होत होतं, की आदल्या रात्री सगळं एकदम चढवलं? नेटवरून घेतलेला कोड तसा सांगितलाय का? गटातला एक जण मागे पडला, तेव्हा बाकीच्यांनी काय केलं? लाजरं मूल कमी बोलतं. त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एका ओरलवर मी मत बनवत नाही.

पण चूक लपवायची सवय बहुतेकदा कॉलेजच्या आधीच लागलेली असते. एकेका मार्कासाठी बोलणी खाल्लेली मुलं "माझं चुकलं" म्हणताना चाचरतात, हे मी दरवर्षी बघते.

रेडीमेड प्रोजेक्टसाठी पैसे मागितले, तर कृपा करून देऊ नका. मार्क जरूर विचारा, पण कुठे अडलंय तेही विचारा. आणि मुलाने खरं सांगितलं, तर निदान त्या वेळी रागावू नका.