भौतिकशास्त्राच्या वर्गातील मुली

भौतिकशास्त्र हा मुलांचा विषय, ही समजूत आपल्या घरांत इतकी रुळली आहे की ती केवळ समजूत आहे याचाच विसर पडतो. ती तपासून पाहण्यास इंग्लंडचे उदाहरण उपयोगी आहे. तेथे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत भौतिकशास्त्रात मुली साधारणपणे मुलांच्या बरोबरीने उतरतात. त्यापुढील ए-लेव्हलसाठी विद्यार्थी तीन-चारच विषय निवडतो. तेथे मात्र हा विषय घेणाऱ्यांत मुली अनेक वर्षे एक-पंचमांशाच्या आसपासच राहिल्या. म्हणजे गळती होते ती गुणपत्रिकेत नव्हे, निवडीत.

इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स या संस्थेने २०१२ मध्ये शाळाशाळांची आकडेवारी मांडली. २०११ साली सहशिक्षणाच्या सरकारी शाळांपैकी ४९ टक्के शाळांतून एकही मुलगी ए-लेव्हल भौतिकशास्त्राकडे वळली नव्हती. केवळ मुलींच्या शाळेतील विद्यार्थिनी या विषयाकडे जाण्याची शक्यता जवळजवळ अडीचपट होती. अशा शाळांत येणाऱ्या मुलींची कौटुंबिक पार्श्वभूमी वेगळी असू शकते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही शाळेचे वातावरण निवड घडवते, ही शंका दूर सारता येत नाही.

आपल्याकडे चित्र थोडे झाकलेले आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीही भौतिकशास्त्र लागते, म्हणून बारावीपर्यंत मुली वर्गात दिसतात. पुढे आयआयटीच्या दारात त्या इतक्या विरळ होतात की २०१८ पासून तेथे त्यांच्यासाठी अतिरिक्त जागा निर्माण कराव्या लागल्या.

याची सुरुवात कोठे होते, हे मला माझ्याच प्रयोगशाळेत उमगले. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात मिश्र गटातील मुलगा तारा जोडी आणि मुलगी वहीत नोंदी करी. अक्षर सुरेख म्हणून ही वाटणी कित्येक वर्षे मीच करीत आले, आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटलेही नाही! अमीटर उलटा जोडला की काटा शून्याच्या मागे जातो. तो तसा गेलेला ज्याने स्वतःच्या हाताने पाहिला, त्याला धारेची दिशा कळते. नोंद करणारीला केवळ आकडे मिळतात. गुणही मिळतात, कारण लेखी उत्तर ती चोख लिहिते. आत्मविश्वास मात्र जोडणाऱ्याकडे राहतो, आणि अकरावीला विषय निवडताना तोच बोलतो.

आता दर प्रयोगाला वही आणि तारा यांची अदलाबदल होते. पहिल्या महिन्यात दोन फ्यूज उडाले; एका मुलीने तिसरा स्वतः बदलला.