कंपनीचा पैसा आणि सरकारचा कान

हुमनाबादच्या नाक्यावर पुणे–हैदराबाद हमरस्त्यावरील मालमोटारींची रांग खंडत नाही. या गाडीने किती वजन वाहावे हे कोण ठरविते, असे मी वाणिज्य शाखेच्या वर्गात विचारतो. उत्तर येते, सरकार! जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढविली, म्हणजे तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला. एका अधिसूचनेने कारखानदाराची विक्री अशी हलत असेल, तर सरकारचा कान आपल्याकडे वळविण्यासाठी तो खर्च करणारच. प्रश्न एवढाच, की तो खर्च आपणांस दिसतो का?

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने असा खर्च जाहीर करावा लागतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. कलिकेश सिंह देव यांनी २०१३ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडले, ते तसेच राहिले. ताळेबंदात हा पैसा ‘व्यावसायिक शुल्क’, ‘संघटनेची वर्गणी’ अशा सभ्य नावांखाली बसू शकतो.

पक्षनिधीची कथा मात्र उघड आहे. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून घटनापत्रकात बदल करण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाकडे मागितली. (याच उद्योगसमूहाची टेल्को १९५४ पासून मालमोटारी बनवीत होती.) एका भागधारकाने हरकत घेतली. कायद्यात मनाई नाही म्हणून मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी परवानगी दिली. तथापि लोकशाहीला यात मोठा धोका आहे, संसदेने लक्ष घालावे, असे त्यांनी निकालात बजावले. न्यायाधीश परवानगी देतो आणि त्याच कागदावर धोक्याची घंटाही वाजवितो, असे निकाल थोडेच!

संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली, १९६९ मध्ये देणग्यांवर बंदी आणली, १९८५ मध्ये सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत पुन्हा मुभा दिली. २०१३ मध्ये ते ७.५ टक्के झाले. २०१७ मध्ये मर्यादाच काढली आणि निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरविल्या. बंदीच्या काळात पैसा थांबला असे समजणे भाबडेपणाचे होईल. माझ्या मते बंदीपेक्षा नोंद बरी, आणि ती देणगीपुरती न राहता दिल्लीतील भेटीगाठींच्या खर्चाचीही हवी. कलबुर्गीची तूर वाहणाऱ्या एका गाडीच्या मालकाला दिल्लीत माणूस ठेवणे परवडत नाही. त्याच्या गाडीची किंमत वाढते तेव्हा त्यात कोणाचा कोणता खर्च मिसळला आहे, हे त्याला निदान वाचता तरी यावे.