सुगंध आणि धूर

दापोडीजवळ पवना नदी मुळेस मिळते. पावसाळ्यात नदीकाठच्या घरांत कुबट वास दाटतो. अशा वेळी सुगंधी मेणबत्ती लावली की मन प्रसन्न होते. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते व त्यातील सुवासिक तेलाची वाफ खोलीभर पसरते. परंतु त्यामुळे कुबट वास केवळ झाकला जातो. भिंतीतील ओल तशीच राहते. शिवाय, वात लांब असल्यास काजळी धरते आणि बंद खोलीतील धूर श्वासावाटे छातीत जातो.

जवळच्याच तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यास आग लागून अनेक कामगार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. ज्योत लहान असली, तरी ती अग्नीच होय. म्हणून वात कातरावी, खिडकी उघडावी, मेणबत्ती पडद्यापासून दूर ठेवावी आणि निजण्यापूर्वी ती आठवणीने विझवावी.