थंडीत बंदुकीचा जोर का ओसरतो?

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात हौशी नेमबाजांना हिवाळ्यात एक अनुभव हमखास येतो. घरात नीट चालणारी छर्‍याची बंदूक अंगणातल्या बर्फात नेली की छर्रा लक्ष्याच्या खाली लागू लागतो. कधी तर तो नळीतच अडकून बसतो. बंदूक बिघडलेली नसते. तिच्यातील वायू गारठलेला असतो.

आपल्याकडे जत्रेत फुगे फोडण्यासाठी असते ती बंदूक स्प्रिंगची. खटका ओढताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे लोटते आणि हवा त्या क्षणी दाबली जाते. तिला थंडीचे फारसे वावडे नाही. आपण बोलत आहोत ती बंदूक निराळी. तिच्यात १२ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड भरलेली पोलादी कुपी बसवतात. कुपीत बराचसा द्रव असतो व त्याच्यावर वाफ. खटका ओढला की थोडी वाफ सुटून छर्‍याला ढकलते आणि थोडा द्रव उकळून ती तूट भरून काढतो. म्हणून तापमान तेच असेल तर कुपी भरलेली असो वा अर्धी, द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तोच राहतो. मोठी सोयीची गोष्ट! पण हा दाब सर्वस्वी तापमानावर अवलंबून असतो, आणि अडचण तिथेच आहे.

आकडे पाहा. २० अंश सेल्सियसला हा बाष्पदाब वातावरणाच्या सुमारे ५६ पट असतो. १० अंशांना तो ४४ पट, शून्य अंशाला ३४ पट आणि उणे १० अंशांना अवघा २६ पट. म्हणजे २० अंशांवरून शून्यावर येताना दाब जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो. याच बंदुकीत नुसती दाबलेली हवा असती तर? हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. २९३ केल्व्हिनचे २७३ केल्व्हिन झाले तर घट फक्त ७ टक्के. हवेच्या रेणूंची संख्या कायम राहते, केवळ त्यांचा वेग मंदावतो. कार्बन डाय-ऑक्साइडचे बाबतीत मात्र वाफेतील रेणूच द्रवात परततात. आंतरराष्ट्रीय १० मीटर नेमबाजीत एके काळी कार्बन डाय-ऑक्साइडच्या बंदुका होत्या. पुढे त्यांची जागा दाबलेल्या हवेच्या बंदुकांनी घेतली, त्याचे हे एक कारण.

शिवाय बंदूक स्वतःलाही थंड करते. द्रवाची वाफ होण्यास अप्रकट उष्णता लागते. २० अंशांना ती दर ग्रॅमला सुमारे १५० ज्यूल आहे. समजा, एका बाराला ०.३ ग्रॅम वायू लागला, तर ४५ ज्यूल उष्णता कुपीतून व भोवतालच्या धातूतून काढून घेतली जाते. एवढ्याने १०० ग्रॅम पोलाद १ अंशाने थंड होईल! भराभर बार काढले तर उन्हाळ्यातही दाब उतरतो. लग्नघरी मोठ्या शेगडीला जोडलेल्या गॅसच्या टाकीला बाहेरून दव सुटते, ते याच कारणाने.

मग बंदूक उबदार कशी ठेवावी? कुपी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी आणि नेमबाजीपूर्वीच बसवावी. दोन बारांमध्ये मिनिटभर थांबावे, म्हणजे भोवतालची उष्णता आत शिरते. छर्रा बाहेर पडल्याची खात्री नसेल तर दुसरा भरू नये. जाणकाराकडून नळी तपासून घ्यावी. आणि थंडगार बंदूक घरात आणल्यावर तिच्यावर पाणी साचते, ते पुसले नाही तर गंज चढतो.

कुपी शेगडीवर, हीटरजवळ किंवा उकळत्या पाण्यात मात्र कदापि तापवू नये. बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये दाखवून दिले, की सुमारे ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. भरलेली कुपी तापली की द्रव फुगून वाफेची मोकळी जागा व्यापतो. मग वर दिलेले आकडे लागू पडत नाहीत. दर अंशाला दाब झपाट्याने चढतो आणि कुपी फुटू शकते. त्यासाठी शेगडीच हवी असे नाही. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात उभी असलेली बंद मोटारही पुरेशी आहे.

आता हे सोडवा: अर्धी रिकामी कुपी आणि भरलेली कुपी दोन्ही ४५ अंशांवर ठेवल्या, तर दाब सारखाच असेल काय?