सकाळी पुस्तक, दिवसा बाजार

मुंबईत एका ब्रोकिंग कंपनीच्या रिसर्च विभागात नोकरीला लागले, त्याच सुमारास एम.कॉम.ला प्रवेश घेतला. पुढे सीएफएचा अभ्यासही सुरू झाला. नोकरी आणि अभ्यास एकमेकांच्या उपयोगी पडू लागले की दोन्ही झेपतात, हा माझा अनुभव. नव्याने या वाटेवर आलेल्यांसाठी त्यातलं थोडं.

१. निकालांच्या तारखा आधी पाहा.
सूचीबद्ध कंपन्यांना तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. त्यामुळे १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे यांच्या आधीचे आठवडे रिसर्चवाल्यांना उसंत देत नाहीत. सीएफएच्या पहिल्या पातळीची परीक्षाही नेमकी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्येच असते. म्हणून अवघड विषय निकालांच्या हंगामाआधीच संपवावेत आणि हंगामात फक्त उजळणी ठेवावी. परीक्षेची तारीख ठरली की लगेच साहेबांना सांगावी. आयत्या वेळी मागितलेली रजा सगळ्यांनाच जड जाते.

२. नवा विषय सकाळी वाचा.
बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो, पण काम तिथे थांबत नाही. कंपन्यांचे कॉन्फरन्स कॉल ऐकायचे, मॉडेलमध्ये नवे आकडे भरायचे, टिपण लिहायचं. एवढं झाल्यावर रात्री मूल्यांकनाचा नवा धडा डोक्यात शिरत नाही. तो पहाटे वाचावा. लोकलमध्ये सूत्रांची उजळणी करावी.

३. वर्गात शिकलेलं त्याच आठवड्यात अहवालात शोधा.
भाडेकरारांचं इंड एएस ११६ हे मानक १ एप्रिल २०१९पासून लागू झालं. पुस्तकात ते रुक्ष वाटतं. पण भाड्याच्या जागेत दुकानं चालवणाऱ्या एखाद्या रिटेल कंपनीचा त्या वर्षीचा अहवाल उघडा. भाड्याच्या बऱ्याचशा खर्चाच्या जागी घसारा आणि व्याज आलेलं दिसेल. दुकानं तीच, धंदा तोच, तरी एबिटडा वाढलेला. हे एकदा आकड्यांत पाहिलं की परीक्षेत आणि ऑफिसातही विसरत नाही.

४. ऑफिसातले प्रश्न वर्गात न्या.
इतर कंपन्यांना लावतो ते ईव्ही-एबिटडाचं गुणोत्तर बँकेला का लावत नाहीत, हा प्रश्न मला कामात पडला. प्राध्यापकांनी त्यामागचं कारण उलगडलं: बँकेसाठी ठेवी आणि कर्जाऊ पैसा हा कच्चा माल आहे, व्याज हा तिच्या धंद्याचाच खर्च आहे. म्हणून तिथे पुस्तकी मूल्य आणि भांडवलावरचा परतावा पाहायचा. असा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नये.

५. ऑफिसातली माहिती मात्र ऑफिसातच ठेवा.
प्रकल्पासाठी चांगला विषय समोर असतो, मोह होतो. पण जाहीर न झालेली, शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी माहिती बाहेर सांगणं सेबीच्या २०१५च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत बसत नाही. वार्षिक अहवाल आणि एक्स्चेंजवर जाहीर झालेली माहिती एवढ्यावर उत्तम प्रकल्प होतो. या क्षेत्रात विश्वासाएवढं मोठं भांडवल नाही.

६. एक कंपनी अभ्यासक्रमभर धरून ठेवा.
परिव्यय शिकलात, त्याच कंपनीचा खर्च मांडा. कर शिकलात, तिचा प्रत्यक्ष करदर काढा. मूल्यांकन आलं की तिचं मूल्य ठरवा, आणि नफ्याशेजारी रोख प्रवाह ठेवून दोन्ही का जुळत नाहीत ते शोधा. पदवी हाती येईल तेव्हा एक धंदा तुम्हाला आतून कळलेला असेल. मुलाखतीत गुणपत्रिकेवर फार बोलता येत नाही. या धंद्यावर तुम्ही स्वतःच्या अभ्यासाच्या बळावर कितीही वेळ बोलू शकाल.