पॅनल शाबूत, इन्व्हर्टर बाद! विजेपासून सोलर कसं वाचवायचं?

एसपीडी कसा बसवायचा ते व्हिडिओत दाखवलंय. इथे त्यामागचं गणित सांगतो, कारण कोटेशन करताना तेच कामाला येतं.

२०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळायला लागलं आणि गावोगावी सोलरवाले वाढले. स्पर्धा आली की भाव पाडला जातो, आणि पहिली कात्री लागते अर्थिंगला. ते जमिनीत असतं ना, गिऱ्हाइकाला दिसत नाही! मग मे महिन्यात वळीव कोसळतो आणि फोन येतो, "दादा, पॅनल ठीक दिसतायत, पण इन्व्हर्टर गेला."

आधी एक गैरसमज काढून टाका. वीज घरावरच पडावी लागते असं नाही. एका विजेत साधारण ३०,००० अँपिअर करंट असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत चढतो. शेजारच्या झाडावर पडली तरी तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तुमच्या छतावरच्या वायरीत व्होल्टेज तयार होतं. प्लस आणि मायनस वायरमध्ये जितकी मोकळी जागा, तितकं ते जास्त. म्हणून दोन्ही वायर एकमेकींना चिकटून न्या. याला एक रुपया लागत नाही, तरी निम्मे लोक करत नाहीत.

आता एसपीडी. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की हा ते अर्थकडे वळवतो. डीसी आणि एसी, दोन्ही बाजूंना हवा, कारण सर्ज महावितरणच्या तारेवरूनही येतो. ५४० वॅटचं पॅनल उघड्या सर्किटला जवळपास ५० व्होल्ट देतं. सहा पॅनल म्हणजे ३००, तिथे ६०० व्होल्टचा डीसी एसपीडी चालतो. बारा पॅनल एका ओळीत जोडले की ६०० झाले, आणि थंडीत व्होल्टेज आणखी चढतं. तिथे १,००० व्होल्टचाच घ्या.

पण खरी गंमत वायरच्या लांबीत आहे. एक मीटर वायरचा इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री. करंट एका मायक्रोसेकंदात १,००० अँपिअरने वाढला, तर त्या एका मीटरवर १,००० व्होल्ट उभे राहतात, आणि ते एसपीडीच्या व्होल्टेजमध्ये मिळून थेट इन्व्हर्टरला बसतात. वायर दुप्पट जाड केली म्हणून हे निम्मं होत नाही. एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्धा मीटरच्या आत ठेवा, सरळ ठेवा, गुंडाळी करून डब्यात कोंबू नका. खड्डा लांब असेल तर इन्व्हर्टरची बॉडी आणि एसपीडी एकाच अर्थ पट्टीला जोडा.

लाइटनिंग अरेस्टर लावला म्हणजे झालं, असं गिऱ्हाईक म्हणेल. तो थेट पडणाऱ्या विजेसाठी. सर्ज अडवणं त्याचं काम नाही. त्याची पट्टी डीसी केबलपासून लांब, वेगळ्या वाटेने खाली उतरवा. अरेस्टर, डीसी आणि एसीचे खड्डे वेगळे असले तरी जमिनीखाली एकमेकांना जोडा. यावर आपल्याकडे फार वाद होतात. पण जोडले नाहीत तर दोन खड्ड्यांमधल्या व्होल्टेजच्या फरकात सापडतो तुमचा इन्व्हर्टर.

धंद्याचं बोलू. बऱ्याच वॉरंटींमध्ये विजेचं नुकसान धरत नाहीत, कार्ड आधी वाचा. कोटेशनमध्ये एसपीडी, अरेस्टर आणि अर्थिंग वेगळ्या ओळींत लिहा, म्हणजे शेजारच्याचं कोटेशन स्वस्त का, ते गिऱ्हाइकालाच दिसेल. तरीही "ते काढा, भाव कमी करा" म्हणाला, तर मी ते काम सोडतो. कारण इन्व्हर्टर गेल्यावर तो "मीच काढायला लावलं होतं" असं गावाला सांगणार नाही.

अर्थिंग मे महिन्यात मोजा, जमीन सगळ्यात कोरडी असताना. आणि ढग गडगडत असताना छतावर चढू नका, पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अॅप मोबाइलमध्ये ठेवा. वळीव आणि परतीचा पाऊस संपला की एसपीडीची खिडकी बघा. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर कार्ट्रिज बदला. दोन-चार कार्ट्रिज एप्रिलपासूनच दुकानात आणून ठेवा.